मोहल्ल्याकडचा भोंगा

आमच्या गावात समुद्राकडे पाठ करून मोठ्याने बोललं, की आवाज डोंगरावर आपटून परत येतो. लगेच येत नाही, एक श्वास घेण्याइतका वेळ लावतो. लहानपणी आम्ही डोंगराला शिव्या घालायचो आणि त्याने त्याच परत घातल्या की पोट धरून हसायचो. आता मी किनाऱ्यावर गेलो की तोंडच उघडत नाही. बायको म्हणते, घरात एवढं तोंड चालतं आणि दर्यावर गेलात की मुके कसे होता? तिला मी काहीतरी थाप मारतो. खरं म्हणजे मला भीती वाटते. मी काहीही बोललो तरी डोंगर तो एकच शब्द परत करेल, अशी भीती.

माझा धंदा मंडप आणि साउंडचा. रेवदंड्यापासून काशीदपर्यंतच्या पट्ट्यात लग्न असो, बारसं असो, उरूस असो की सत्यनारायण, खांब माझे आणि स्पीकर माझे. स्पीकर माझे म्हणून माइक माझा, आणि माइक माझा म्हणून गावच्या फुटबॉल स्पर्धेची कॉमेंट्रीही माझी. पंधरा वर्षं केली. खेळायला कधी कोणी घेतलं नाही, तेव्हा जिभेनेच खेळायचं ठरवलं होतं. लोक मॅच बघायला येतात की मला ऐकायला, असा प्रश्न मला अधूनमधून पडायचा, आणि त्याचं उत्तर मी माझ्याच बाजूने देऊन टाकायचो.

आमचं मैदान म्हणजे ओहोटीची वाळू. जानेवारीत स्पर्धा असते आणि मॅच किती वाजता सुरू करायची ते भरती-ओहोटी बघून ठरतं. पाणी मागे गेलं की ओल्या, घट्ट वाळूवर फळीने रेषा ओढायच्या, लोखंडी पाइपांच्या गोलना मच्छीचं जुनं जाळं बांधायचं, आणि पाणी परत यायच्या आत निकाल लावायचा. समुद्राकडच्या गोलवरून बॉल गेला तर तो थेट लाटांत. उलट्या घातलेल्या होड्यांवर आमचे चाहते बसतात. कोळी, आगरी, मोहल्ल्यातले, सुट्टीवर आलेले आखातवाले, सगळे एकत्र. वर्षभर एकमेकांच्या वाटेला न जाणारी माणसं त्या होड्यांवर खांद्याला खांदा लावून एकाच माणसाला शिव्या घालू शकतात, हे मी दरवर्षी बघत आलोय.

मैदानाशेजारच्या सुरूच्या झाडावर दोन भोंगे असायचे. एक मैदानाकडे तोंड केलेला आणि दुसरा उलटा, मोहल्ल्याकडे. बाहेरगावचे लोक विचारायचे, त्या भोंग्याचं तोंड चुकलंय का? चुकलेलं नव्हतं. तो भोंगा चाचांनी बांधायला लावला होता. चाचा म्हणजे आमच्या क्लबचे जुने सेंटर फॉरवर्ड, क्लब काढणाऱ्या चौघांतले एक. बायका मैदानावर येत नाहीत, म्हाताऱ्यांना वाळूतून चालवत नाही. पहिल्या वर्षीच चाचा मला म्हणाले होते, "अर्धा गाव घरात बसून हाय. त्यांचा काय क्लब न्हाय?" तेव्हापासून बायका गच्चीवर लसूण सोलत, सुकट निवडत माझी कॉमेंट्री ऐकायच्या. आणखी एक रीत होती. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची अजान सुरू झाली की मी माइक बंद करायचो, पंच शिट्टी वाजवायचा, आणि अजान संपेपर्यंत बावीस खेळाडू जिथल्या तिथे उभे राहायचे. ही रीत कोणी ठरवली ते ठाऊक नाही, पण ती कधी मोडली नव्हती.

चाचांचा मुलगा आमचा फॉरवर्ड होता. पोरसवदा होता तेव्हा त्याने असे गोल मारले होते, की समोरच्या टीमची माणसं टाळ्या वाजवायची. नंतर तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला लागला, तरी स्पर्धेला रजा टाकून यायचाच. चाचांना अर्धांगाचा झटका आला त्या पावसाळ्यात नोकरी सोडून तो घरी परतला. आम्ही खूश झालो. म्हटलं, आता पोरगा गावातच आहे, रोज सराव करेल, चषक आपलाच.

झालं भलतंच. पहिल्या मॅचला त्याने मोकळ्या गोलसमोरून बॉल बाहेर घालवला. दुसऱ्या मॅचला दोनदा घालवला. वळताना तो अडखळायचा, उडी मारायची तिथे नुसती मान वर करायचा. होड्यांवरून आरडाओरडा सुरू झाला. "काढा त्याला! बापाच्या पुण्याईवर किती दिवस खेळणार?" क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज त्याची बिनपाण्याने व्हायची. कॅप्टनने त्याला काढलं नाही, कारण दुसरा फॉरवर्ड होता कुठे?

आणि मी. मला तर आयतं कोलीत मिळालं. त्याचा बॉल लाटांत गेला तेव्हा मी माइकवर म्हणालो, "आमच्या फॉरवर्डने दर्याला नारळ सोडला आहे. नारळी पौर्णिमेला अजून सात महिने आहेत, पण भक्ती बघा!" होड्या खदखदून हसल्या. मला चढली. त्यानंतर तो बॉलजवळ आला रे आला, की लोक माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांना उपाशी ठेवायचो नाही. सेमीफायनलच्या दिवशी तर काही पोरांनी खरंच हळद-कुंकू लावलेला नारळ आणला आणि मॅचआधी सगळ्यांसमोर त्याच्या हातात ठेवला. मी माइकवर त्याचंही साग्रसंगीत वर्णन केलं, सत्कारसमारंभ असल्यासारखं. त्याने तो नारळ शांतपणे रेषेबाहेर वाळूत ठेवला आणि खेळायला गेला. मॅच आम्ही जिंकलो, त्याच्या मदतीशिवाय.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने मोहल्ल्यावरून जाणारी वायर सैल झाली म्हणून मी चाचांच्या गच्चीवर चढलो. काम झाल्यावर चाची म्हणाल्या, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाय. त्या आत गेल्या आणि मी चाचांच्या खोलीत टेकलो. त्यांचा पलंग खिडकीला लावलेला होता. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. समोरच्या घराची भिंत, तिच्यावरून गेलेली माझी वायर आणि लांब सुरूवरचा माझा भोंगा, एवढंच दिसत होतं.

चाचांची उजवी बाजू गेली होती. शब्द जड यायचे, पण कळायचे.

"काल लय हसले लोक," ते म्हणाले.

पंधरा वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं, की तो भोंगा ज्यांच्याकडे वळवलाय त्यांना खेळ दिसत नाही, फक्त मी ऐकू येतो. चाचांच्या पोराची सगळी स्पर्धा त्यांच्यापर्यंत माझ्या थट्टेतूनच पोचत होती. मी काहीतरी पुटपुटलो, मैदानावर चालायचंच वगैरे.

"कर मस्करी," ते म्हणाले. "माजी पण करायचे." मग बराच वेळ शब्द जमवून बोलले, "एकदा माज्या पोराचा गोल सांग. ह्याच भोंग्यावर. पुढच्या टायमाला मी नसेन."

"मारेल की, चाचा," मी म्हणालो. "फायनलला मारेल. आणि मी असा ओरडेन की रेवदंड्याला ऐकू जाईल."

तेवढ्यात मुलगा आला. बापाची कूस बदलायची वेळ झाली होती. चाचा तेव्हाही अंगाने दांडगे होते. त्याने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं, वळवलं, पाठीला उशी लावली. मग मागे सरून दाराची चौकट धरली आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. पाठीत कळ मारत होती हे लहान पोरानेही ओळखलं असतं. दिवसातून आठ-दहा वेळा तो हे करत होता, पावसाळ्यापासून.

बाहेर अंगणात तो मला म्हणाला, "दादा, पाठीचं कुणाला सांगू नका. टीममधून काढतील. मी खेळलो न्हाय तर अब्बा ऐकणार काय?"

मी घरी आलो आणि जेवलो नाही. लाज वाटली, सरळ सांगतो. कॅप्टनला जाऊन सांगावं असं दहादा मनात आलं, पण अंगणात त्याला शब्द देऊन बसलो होतो. एवढंच ठरवलं की फायनलला त्याच्याबद्दल एक वाकडं अक्षर काढायचं नाही.

ते पाळलंही. फायनल खाडीपलीकडच्या गावाशी होती. आम्ही एका गोलने मागे होतो. तो धडपडत होता, पडत होता, आणि मी माइकवर दुसऱ्याच खेळाडूंबद्दल बोलत होतो. होड्यांवरून लोक ओरडून विचारत होते, "आज जीभ घरी ठेवून आलास काय?" मॅच संपायला थोडा वेळ उरलेला असताना त्याला गोलसमोर पाडलं आणि पंचाने पेनल्टी दिली.

अख्ख्या किनाऱ्यावरून एकच आवाज आला, "त्याला नको! त्याला नको!" आमचीच माणसं होती ती. कॅप्टन बॉल घ्यायला पुढे झाला. पण चाचांच्या मुलाने तो सोडला नाही, छातीशी धरून ठेवला. दोघं काहीतरी बोलले. शेवटी कॅप्टनने हात झटकले आणि तोंड फिरवलं. मुलाने बॉल वाळूवर ठेवला आणि मागे सरताना एकदा वर बघितलं, मोहल्ल्याकडच्या भोंग्याकडे. हे मी सोडून कुणी पाहिलं नसेल.

मी माइक तोंडाशी धरला होता. मनात म्हणत होतो, मार बाबा, मला खरं बोलू दे.

त्याने मारला. बॉल पाइपावरून दोन हात वर गेला आणि लाटांत पडला.

आणि मी ओरडलो, "गोऽऽल! चाचांच्या लेकाचा गोल! चाचांच्या लेकाने गोल मारला!"

ठरवून केलं नव्हतं. डोळ्यांनी बॉल पाण्यात पडलेला बघितला आणि तोंडातून ते निघालं. मला त्या क्षणी मैदान दिसतच नव्हतं, ती खिडकी दिसत होती. एक श्वास सगळं शांत होतं. डोंगरावरून माझाच गोल परत आला. मग होड्या फुटल्या. असं हसू मी त्या किनाऱ्यावर कधी ऐकलं नव्हतं. लोक लोळले. समोरच्या गावचे हसले, पंच हसला, आमचा गोलकीपर हसला. त्यांना वाटलं, सगळी मॅच तोंड दाबून मी हाच बार राखून ठेवला होता, आणि त्यात बापालाही ओढलं म्हणजे काय कमाल केली. कुणीतरी माझ्या नावाने शिट्ट्या मारल्या. माइक माझ्या हातात उघडाच होता.

मी तोंड उघडणार एवढ्यात अजान सुरू झाली. माझ्या हाताने सवयीने बटण खाली केलं. शिट्टी झाली. सगळे जिथल्या तिथे उभे राहिले आणि तो पेनल्टीच्या जागेवर उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. अजान होती तोवर त्याने नजर काढली नाही. मीही काढू शकलो नाही. मला हातवारे करून सांगता आलं असतं, बोट त्या भोंग्याकडे करता आलं असतं. मी काही केलं नाही. मला वाटलं, त्याला कळलं असेल.

त्यानंतर तो बॉलला शिवला की होड्यांवरून "गोऽऽल!" सुरू व्हायचं. आम्ही हरलो. तो वाटेने न जाता पाण्याच्या कडेकडेने एकटा घरी गेला.

संध्याकाळी गोदामावर एकजण आला आणि म्हणाला, मोहल्ल्यात चाचांनी साखर वाटायला लावली. माझ्या जिवात जीव आला. खोटं तर खोटं, पण शब्द राखला, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्या संध्याकाळी पोटभर जेवलो. ते जेवण मला अजून आठवतं.

चाचा तो महिना काढू शकले नाहीत. मी मयतीला गेलो. खांदा द्यायला पुढे झालो तर मुलगा सरून मध्ये उभा राहिला. ढकललं नाही, फक्त मधे उभा राहिला. तोवर ती क्लिप सगळ्या तालुक्यात फिरली होती. लाटांत जाणारा बॉल आणि वर माझा आवाज. पोरांनी तिच्यावर गाणी लावली होती. चाळिसावा झाल्यावर तो आखातात निघून गेला. मी त्याला मेसेज लिहायला घ्यायचो आणि पुसायचो. काय लिहिणार होतो? तुझ्या बापाने माझ्याकडे तुझा गोल मागितला होता, असं? त्याने मला मरणाऱ्या बापाची टर उडवणारा समजावं हे परवडलं. बापाने असं मागणं मागितलं होतं, हे त्याला कळायला नको होतं. आणि काही झालं तरी चाचा साखर वाटून गेले होते. त्या साखरेवर मी दोन वर्षं काढली. माइक पुन्हा हातात घेतला नाही. आता एक कॉलेजातला पोरगा कॉमेंट्री करतो, बरी करतो.

या हिवाळ्यात क्लबने नवे स्पीकर घेतले, बिनवायरचे. जुना भोंगा आणि वायर उतरवायला मी पुन्हा चाचींच्या गच्चीवर गेलो. वायर गुंडाळून खाली आलो तर चहा तयार होता. पलंग त्याच खिडकीला होता, त्यावर आता गोधड्यांची चळत.

चाची त्या वायरच्या भेंडोळ्याकडे बघत म्हणाल्या, "तेंना कळलं होतं."

"काय?"

"गोल झाला न्हाय ते. तू वरडलास तसे उठून बसायला गेले. मग ते हसणं आलं भोंग्यातनं. पुन्हा आडवे झाले. मला बोलले, गोल झाल्यावर माणसं हसत न्हाईत गं. तीस वरसं खेळलेला माणूस, तेला कळंल न्हाय काय?"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. सांडला थोडा.

"मग साखर?" मी विचारलं.

"पोरगा घरी यायचा होता ना." त्या पदराने सांडलेला चहा पुसायला लागल्या. "बोलले, साखर काढ, तो तोंड पाडून येल. तो आला तर तेच्या तोंडात घातली. बोलले, ऐकला तुजा गोल. पोरगा पण बोलला, व्हय अब्बा. मग तो भायेर गेला, तवा रडले. बोलले, मीच मागितला आणि माज्या मागण्यापायी पोराचं हसं झालं. शेवटपातूर तेच घोकत होते."

म्हणजे चाचांना माझा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी माझ्याच हाताने त्यांच्या छातीवर दगड ठेवला होता आणि त्याच संध्याकाळी पोटभर जेवलो होतो. चाचींनी पदर झटकला. "तेला म्या सांगितलं न्हाय," त्या म्हणाल्या. "तो समजतो, बाप खुशीत गेला. तेवढंच हाय तेच्याकडं."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. मुलाचा रोजचा फोन. त्यांना कानाला लावून ऐकू येत नाही म्हणून त्या स्पीकर लावतात. जेवलीस का, गोळी घेतलीस का, असं चाललं होतं आणि मी भेंडोळं उचलून निघालो. ते चौकटीला खडखडलं.

"कोण हाय गं तिथं?"

चाचींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, ना हो म्हणून, ना नाही म्हणून.

"साउंडवाला हाय," त्या म्हणाल्या. "वायर काढायला आलता."

मग त्याचा आवाज आला, शांत, दोन वर्षं तयार करून ठेवल्यासारखा.

"ऐकतोय ना तो? मग त्याला सांग. मैदान हसलं तेवढंच हसलं. अब्बांपर्यंत काय पोचलं न्हाय. अब्बांनी माझ्या तोंडात साखर घातली आणि खुशीत गेले. सांग त्याला."

चाची हातात फोन धरून माझ्याकडे बघत राहिल्या. काय सांगायचं ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

"व्हय," मी फोनजवळ वाकून म्हणालो. "खुशीत गेले."